धागा: बी.डेस.चं (डिझाइनच्या पदवीचं) पहिलं वर्ष, वर्कशॉप आणि मॉडेल – कशासाठी काय वापरायचं, काय बिघडतं

कानस

प्रवेश झाले की दरवर्षी तेच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखरून पडतात. थर्माकोल का विरघळला, लेझरवर कापलेल्या खाचा ढिल्या का बसतात, ज्युरीच्या (परीक्षकांपुढच्या सादरीकरणाच्या) आदल्या रात्री रंग का सुकत नाही. म्हणून हा एकत्र धागा. उदाहरणं मुख्यतः पवईच्या आयडीसीला (आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाला) धरून येतील. आयडीसी १९६९ पासून आयआयटीच्या आवारात आहे, बी.डेस. मात्र २०१५ पासून, आणि यूसीड ही प्रवेश परीक्षाही त्याच वर्षीची. पण फोम आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचं दाबलेलं शीट) संस्था बघून वागत नाहीत. एनआयडी, गुवाहाटी, लोणी काळभोर, कुठेही असाल तरी हे लागू आहे.

आधी मुद्द्याचं. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या वेळी चांगलं मॉडेल करण्यात. मॉडेल हे एखाद्या प्रश्नासाठी असतं आणि ढोबळमानाने प्रश्न तीन: हातात कसं बसतंय, यंत्रणा चालते का, शेवटी दिसणार कसं. पहिल्यासाठी फोम नाहीतर पुठ्ठा, तासाभराचं काम, पाच-सहा नग. दुसऱ्यासाठी एमडीएफ, अॅक्रिलिक, थ्रीडी प्रिंट. दिसायला भिकार असलं तरी हरकत नाही, माप चोख हवं. तिसऱ्यासाठी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), प्रायमर (रंगाआधीचं अस्तर), रंग, आणि आत काय आहे याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. हे तिन्ही एकाच वस्तूत उरकायला गेलं की पकड चुकल्याचं कळतं तेव्हा रंगाचा दुसरा हात झालेला असतो. मग कापायला मन होत नाही, आणि चुकलेलीच पकड ज्युरीपुढे जाते.

बाकीच्यांनी आपापल्या खात्यातलं लिहावं.

पालक_नाशिक

मुलीला यूसीडमधून जागा मिळाली आहे. सुरुवातीला सामान काय घेऊन द्यावं? लॅपटॉपचे आकडे दुकानदार भलतेच सांगतायत.

कानस

@पालक_नाशिक, लॅपटॉपची घाई करू नका. पहिल्या सत्रात बरंच काम कागद, पुठ्ठा आणि मातीत होतं. सीनियर कोणतं सॉफ्टवेअर वापरतात ते विचारून मगच घ्या. मॅक घेणार असाल तर एवढं लक्षात असू द्या की सॉलिडवर्क्स (थ्रीडी आराखड्याचं सॉफ्टवेअर) अधिकृतपणे फक्त विंडोजवर चालतं. १६ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका, एवढं पुरे.

हत्यारांत पैसे घालायचेच तर डिजिटल व्हर्नियरमध्ये (जाडी-व्यास मोजायच्या कॅलिपरमध्ये) घाला, १५० मिमीचा. त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. मग ३० सेंमीची स्टीलची पट्टी (प्लॅस्टिकची कटरने सोलवटते), ए३ कटिंग मॅट, ९ मिमीचा कटर आणि जास्तीची पाती, छोटा काटकोनी गुण्या, सुई-कानशींचा संच, मास्किंग टेप, पॉलिश पेपर ८० पासून ६०० पर्यंत. स्वतःचा चष्मा, एन९५ मास्क आणि बंद बूट. चपला घातलेल्याला वर्कशॉपच्या दारातून परत पाठवतात, आणि बरोबर करतात. ड्रिल, ग्लू गन, सोल्डरिंग गन असलं काही घेऊ नका, तिथे असतं. महागड्या मार्करचा मोठा संच तर अजिबात नको, राखाडीच्या तीन छटा आणि एक काळा, बास.

शाईपेन

कटरबद्दल भर. जखमा बहुतेक बोथट पात्याने होतात, कारण जोर लावावा लागतो आणि पातं पट्टीवरून घसरतं. दर दहा-पंधरा लांब कापांनंतर टोक मोडायचं. ते पकडीने मोडायचं आणि तुकडा बाटलीत टाकायचा, डस्टबिनमध्ये नाही. झाडणाऱ्या मावशींच्या हाताला लागतो.

माउंट बोर्ड एका दमात कापू नका. पहिला हात अगदी हलका, फक्त रेघ उमटेल एवढा, मग त्याच खोबणीत तीन-चार हात. एका दमात कापलं की पातं तिरकं होतं, कड ९० अंशाची राहत नाही आणि पेटीचे कोपरे जुळत नाहीत. मग लोक फेविकॉलला दोष देतात.

दुमडायच्या रेषेवर संपलेल्या बॉलपेनने दाबून घळ पाडायची. ३०० जीएसएमच्या आयव्हरी कार्डाला धाग्याची (आतल्या तंतूंची) दिशा असते. धाग्याला समांतर घडी स्वच्छ पडते, आडवी पाडली की वरचा थर तडकतो. दिशा बघायला कार्ड दोन्ही बाजूंनी हलकं वाकवायचं. जिकडे सहज वाकेल, ती घडीची रेघ धाग्याला समांतर. खोक्याच्या पुठ्ठ्यातही तेच, आतल्या नळ्या उभ्या ठेवल्या तर भार घेतात, आडव्या ठेवल्या की बसतात. पुठ्ठ्याच्या स्टुलावर माणूस बसवायचा हा सराव अनेक ठिकाणी देतात. त्यात निम्मी स्टुलं नळ्यांच्या दिशेमुळे कोसळतात आणि उरलेली पाय फाकल्यामुळे. तळाशी पाय एकमेकांना बांधा.

०.२मिमी

लेझरचं मी घेतो.

३ मिमी एमडीएफ ३ मिमी नसतो. व्हर्नियर लावा, २.७ पासून ३.२ पर्यंत काहीही निघतो, आणि पावसाळ्यात तोच तुकडा आणखी फुगतो. शिवाय लेझरचा किरण स्वतःची जागा खातो, त्याला कर्फ म्हणतात, साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी. त्यामुळे खाच नेहमी काढलेल्यापेक्षा रुंद होते आणि जीभ अरुंद. खाच काढायची ती प्रत्यक्ष जाडी वजा कर्फ. जाडी २.८ आणि कर्फ ०.२ असेल तर फाइलमध्ये २.६. बोटांच्या सांध्याची (एकमेकांत अडकणाऱ्या दातांची) पेटी असेल तर बाहेरची सगळी रेषा अर्ध्या कर्फने बाहेर सरकवा, आतली छिद्रं अर्ध्या कर्फने आत.

पण हिशेबावर विसंबू नका. त्याच शीटच्या कोपऱ्यात एक फणी कापा: २.४, २.५ असं करत ३.० पर्यंत सात खाचा, प्रत्येकीखाली आकडा कोरलेला. दुसरा तुकडा घालून बघा, हाताने दाबून बसेल आणि उलटा धरला तरी पडणार नाही ती खाच तुमची. दोन मिनिटांचं काम आहे. शीट बदललं की फणी पुन्हा.

फाइल देताना: माप १:१ मिमीमध्ये, एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा काढलेल्या (नाहीतर तीच जागा दोनदा जळते), आतले काप आधी आणि बाहेरचा शेवटी. बाहेरचा आधी कापला तर तुकडा सुटून किंचित हलतो आणि आतली छिद्रं सरकतात. वर मास्किंग टेप लावला तर धुराचे डाग टेपवर जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पीव्हीसी लेझरमध्ये कधीही नाही. जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, तुमच्या फुप्फुसाला वाईट आणि यंत्राच्या आरशांना आणि रुळांनाही, गंजून जातात. आणि दुकानात सनबोर्ड म्हणून जे पांढरं शीट मिळतं ते बहुतेक वेळा पीव्हीसी फोमच असतं. रेक्झिनही बरंचसं पीव्हीसी. शंका आली तर तांब्याची तार ज्योतीत लाल करा, प्लॅस्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. ही चाचणी उघड्यावर, लॅब असिस्टंटसमोर करा. पॉलिकार्बोनेटही देऊ नका, पिवळं-काळं पडतं आणि धड कापलं जात नाही. दिसायला ते अॅक्रिलिकसारखंच असतं.

शाईपेन

@०.२मिमी, मराठी अक्षरं कापणाऱ्यांसाठी एक जोडा. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते, सलग दिसावी म्हणून. आउटलाइन केल्यावर (मजकुराचे नुसते आकार केल्यावर) ते घुसलेले भाग तसेच राहतात, आणि लेझर इमानेइतबारे तेही कापतो. शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटलेली हातात येते. आउटलाइन केल्यावर सगळे आकार युनाइट करायचे, मग प्रीव्ह्यू आउटलाइन मोडमध्ये तपासायचं. स्टेन्सिल करत असाल तर व, ब, क यांच्या पोटातले तुकडे गळून पडतात, पूल ठेवावे लागतात.

आणि इलस्ट्रेटर-इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, वेलांटी भलतीकडे जात असेल, तर फाँट बदलत बसू नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा.

अवांतर: रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये स्वीकारलं गेलं, ते करणारे उदय कुमार तेव्हा आयडीसीत पीएच.डी. करत होते. विंडोजमधला मंगल फाँट र. कृ. जोशींचा, त्यांनीही तिथे शिकवलं. तिथल्या अक्षरकामाला जुनी परंपरा आहे, तेव्हा ज्युरीच्या बोर्डावर फुटकी जोडाक्षरं घेऊन जाऊ नये. अवांतर समाप्त.

घासकाम

फोम आणि फिनिशिंग. थोडं लांबेल.

तीन फोम लोक एकच समजतात. थर्माकोल दाणेदार, गरम तारेने सुंदर कापतो. एक्सपीएस, म्हणजे निळं किंवा गुलाबी शीट, त्याला दाणे नाहीत, तोही तारेने कापतो. तिसरा पीयू फोम, पिवळसर, कुरकुरीत. तो वितळत नाही, जळतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. त्याला गरम तार लावायची नाही. हॅकसॉ ब्लेडने कापा, कानशीने आणि पॉलिश पेपरने आकार द्या. धूळ बारीक आणि खाजरी, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, हॉस्टेलच्या खोलीत घासू नका. पीयू घेताना घनता विचारा. ३२ ते ४० किलो प्रति घनमीटरचा नखाने दबतो, पकड बघायला तो चालतो. धारदार कड टिकवायची असेल तर ६०च्या पुढचा मागा.

विरघळण्याचं गणित साधं आहे. थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही पॉलिस्टायरीन, थिनरवर चालणाऱ्या कशानेही विरघळतात: स्प्रे पेंट, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी, गाडीची लांबी, पिवळा काँटॅक्ट अॅडहेसिव्ह. त्यांना पांढरा फेविकॉलच. रंगवायचं असेल तर आधी फेविकॉलचे तीन हात आणि त्यावर पाण्याचा रंग. स्प्रे मारायचा मोह टाळा, फेविकॉलच्या थरात एक टाचणीएवढं भोक राहिलं तरी आत गुहा तयार होते. पीयू फोमला थिनरचं भय नाही, म्हणून शेवटचं दिसायचं मॉडेल पीयूवर करतात.

क्रम असा. आकार झाला की अर्धा फेविकॉल अर्धं पाणी असा एक हात, भोकं थोडी बुजतात. वाळल्यावर लांबी, पातळ थर. जाड थर दिला की वरून सुकतो, आतून ओला राहतो, दोन दिवसांनी बसतो आणि रंगाखाली खड्डा दिसतो. मोठा खड्डा असेल तर हार्डनरवाली गाडीची लांबी वापरा, ती पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होते. हार्डनर साधारण २ टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. जास्त घातला तर पट्टीवरच दगड होतो. मग १२० ने घासा, २२० ने घासा, प्रायमर. प्रायमर लावल्यावर न दिसलेले सगळे ओरखडे वर येतात, त्यासाठीच तो असतो, निराश होऊ नका. पुन्हा लांबी, ३२०, पुन्हा प्रायमर, ४०० ने पाण्याखाली हलकं, मग रंग. ८० वरून थेट ४०० वर उडी मारली तर ८० चे चरे रंगातून दिसतात आणि ते घासून काढायला दुप्पट वेळ जातो.

एमडीएफची कड स्पंजासारखी रंग पिते. सपाट भाग चकचकीत आणि कडा खरबरीत, हे हमखास दिसतं. कडांना लांबी घासून भरा, मग प्रायमर. कच्च्या एमडीएफवर पाण्याने घासणं म्हणजे मॉडेल फुगवून घेणं.

रंग एकाच जातीचे वापरा. एनॅमलवर एनसी मारला की खालचा थर सुरकुततो. आणि एका जाड हातापेक्षा चार पातळ हात, २०-२५ सेंमी अंतरावरून, कॅन मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. मॉडेलवर सुरू केला की पहिला थेंब तिथेच पडतो.

लोहारचाळ

+१. पावसाळ्याचं मात्र राहिलं. जुलैत पवईत एनसी मारला की दुधाळ डाग येतात. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते. उपाय: पाऊस थांबल्यावर दुपारी मारा, हात आणखी पातळ, आणि दुकानात रिटार्डर थिनर मागा, तो सावकाश उडतो.

खरेदीचं: मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सला लॅमिंग्टन रोड, हत्यारं आणि नटबोल्ट नागदेवी, वायर-स्विच-दिव्यांचं सामान लोहार चाळ, कागद-मणी-रिबिनी अब्दुल रेहमान स्ट्रीट. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि वायरला तपकीर गल्ली, हार्डवेअरला बोहरी आळी. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली. नमुन्याचा तुकडा खिशात ठेवा, "असाच पण दोन मिमी जाड" हे तोंडी सांगून कोणाला कळत नाही.

सीएडवाला

एवढा फोम घासत बसायचं कशाला? थ्रीडी प्रिंटर आहेत ना. मॉडेल स्क्रीनवर करायचं, रात्री लावायचं, सकाळी तयार.

घासकाम

@सीएडवाला, १२० मिमीचं एक हँडल प्रिंट व्हायला पाच-सहा तास सहज जातात. फोममध्ये वीस मिनिटांत होतं, म्हणजे त्या पाच-सहा तासांत तुम्ही पंधरा हँडलं हातात धरून बघू शकता. स्क्रीनवर सगळंच तळहाताएवढं दिसतं, म्हणून सीएडमधून (संगणकावर आखलेल्या मॉडेलमधून) आधी आलेली हँडलं नेहमी जाड असतात. आधी फोम, जे बसलं त्याला व्हर्नियर लावा, मग ते आकडे सीएडमध्ये.

०.२मिमी

घासकामशी सहमत, पण प्रिंटरला इतकंही हिणवू नका. स्क्रू बसणारी, झाकण क्लिक होणारी वस्तू फोममध्ये होत नाही.

पीएलएसाठी (प्रिंटरच्या नेहमीच्या प्लॅस्टिकसाठी) सुरुवात: नोझल २०० ते २१० अंश, बेड ६० अंश, थर ०.२ मिमी, भिंती तीन, इनफिल (आतली जाळी) १५ ते २० टक्के. मजबुती हवी असेल तर इनफिल न वाढवता भिंती वाढवा. छिद्रं काढल्यापेक्षा ०.२ ते ०.४ मिमीने लहान येतात, ३ मिमीच्या स्क्रूला ३.३ काढा. घट्ट बसणाऱ्या भागांत ०.२ आणि सरकणाऱ्यांत ०.४ मिमी जागा सोडा.

तुटण्याचं कारण बहुतेक वेळा दिशा असते. थर एकमेकांपासून सुटतात, त्यामुळे क्लिप उभी प्रिंट केली की पहिल्याच वाकवण्यात तुटते. आडवी ठेवून प्रिंट करा. ४५ अंशांपलीकडे बाहेर आलेल्या भागाला आधार लागतो आणि आधार काढलेली बाजू खरबरीत राहते, तेव्हा ती बाजू न दिसणारी निवडा.

सगळी वस्तू प्रिंट करायची गरज नसते. झाकणाचा सांधा तपासायचा आहे? सांध्याभोवतीचे २० मिमी कापून तेवढंच प्रिंट करा, अर्ध्या तासात उत्तर मिळतं. निम्म्या आकारात प्रिंट केलं तर साहित्य साधारण एक अष्टमांश लागतं, पण निम्म्या आकारात भिंती पातळ होतात, सांधा तपासायला ते निरुपयोगी.

पावसाळ्यात फिलामेंट (प्रिंटरमध्ये जाणारी प्लॅस्टिकची तार) ओलावा धरतो. नोझलमधून चरचर आवाज, जाळी, खडबडीत भिंत दिसली तर सेटिंग बदलण्याआधी रीळ ४५-५० अंशांवर चार ते सहा तास वाळवा आणि सिलिका जेल घालून डब्यात बंद ठेवा. आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात बंद गाडीत मॉडेल ठेवून जेवायला जाऊ नका.

सोल्डरिंगची_वाफ

आता चालतं-बोलतं करणाऱ्यांसाठी. अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवरच बोलतो, बहुतेकांची सुरुवात तिथे होते.

पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच घ्या, ४० ही मोडण्याची हद्द आहे. एलईडीला रेझिस्टर हवाच: (५ − २) भागिले ०.०१५ म्हणजे २००, बाजारात २२० ओहम मिळतो, तो लावा. मोटर पिनला थेट जोडू नका. मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) मध्ये घाला, आणि इथे सगळे फसतात: आयआरएफ५२० चं मॉड्यूल सर्वत्र विकतात, पण ते ५ व्होल्टवर पुरतं उघडत नाही, तापतं आणि मोटर मरगळल्यासारखी फिरते. आयआरएलझेड४४एन घ्या. मोटरला आडवा १एन४००७ डायोड, पट्टी असलेली बाजू पॉझिटिव्हकडे. तो विसरला तर बंद करताना येणारा झटका मॉस्फेट घेऊन जातो.

"सर्व्हो हलला की बोर्ड रीसेट होतो." सर्व्हो म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर. कोड बरोबर असतो, वीज कमी पडते. एसजी९० हा छोटा सर्व्हो अडकला की सहाशे-सातशे मिलिअँपिअर ओढतो, यूएसबीतून ते निघत नाही. सर्व्होला वेगळा ५ व्होल्ट २ अँपिअरचा पुरवठा द्या आणि दोन्हीचे ग्राउंड एकत्र जोडा. ग्राउंड जोडला नाही तर सर्व्हो थरथरतो.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरसाठी निकामी, तिचा आतला अडथळाच इतका असतो की भार आला की व्होल्टेज कोसळतं. पॉवर बँक चांगली, पण एक खोड आहे: फार कमी करंट ओढला तर ती "फोन भरला" समजून आपणहून बंद होते. फक्त सेन्सर आणि एक एलईडी असलेलं मॉडेल ज्युरीत मध्येच विझतं ते यामुळे. एक जास्तीचा एलईडी किंवा रेझिस्टर लावून भार वाढवा.

ब्रेडबोर्ड टेबलावर ठीक, हातात देऊ नका. ज्युरीवाले मॉडेल उचलतात, उलटं करतात, हलवतात. झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) सोल्डर करा आणि वायर पेटीतून बाहेर जाते तिथे गाठ मारा, म्हणजे ओढ सोल्डरवर येत नाही.

सुतारपक्षी

यंत्रांवर हातमोजे घालायचे नाहीत. नवखे नेमके उलट करतात. ड्रिल प्रेस किंवा लेथवर मोजा अडकला की बोटासकट जातो. ओढणी, ओळखपत्राची दोरी, सैल बाही, मोकळे केस, हेही तसंच. चकची किल्ली लावून ठेवून यंत्र चालू करू नका. पत्र्याला भोक पाडताना हाताने धरू नका, ड्रिल आरपार निघताना पत्रा बिटात अडकून पंख्यासारखा फिरतो. खाली लाकूड, वर क्लॅम्प. डिस्क सँडरवर काम चकती ज्या बाजूने खाली जाते त्याच बाजूला धरा, दुसऱ्या बाजूला तुकडा उडून तोंडावर येतो. लेझर चालू असताना चहाला जाऊ नये, त्यात आग लागते, झाकण उघडून बघितलं की आणखी भडकते.

वर्कशॉपमधल्या दादांशी नीट वागा. फाइल आणि नमुना घेऊन दोन दिवस आधी विचारायला गेलात तर ते तुमचा आराखडा बघून "हा कोपरा तुटेल" सांगतात. ते ऐका.

अंगणवाडी

पीओपीचं कोणी लिहिलं नाही. आणि साच्यातून वस्तू सुटतच नाही, त्याचं काय?

घासकाम

@अंगणवाडी, आधी पाणी घ्या, त्यात पीओपी चाळत टाका, उलटं नाही. वजनाने १०० भाग पाण्याला १४० ते १५० भाग पीओपी. वजनकाटा नसेल तर पाण्यावर पीओपीची कोरडी बेटं दिसेपर्यंत. दीड-दोन मिनिटं मुरू द्या, मग सावकाश ढवळा. जोरात ढवळलं की बुडबुडे येतात आणि लवकर आळतं. पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतं आणि चांगलं गरम होतं, म्हणून हाताचा ठसा घ्यायला पूर्ण हात कधीही त्यात बुडवून ठेवायचा नाही, भाजतं. ठशासाठी अल्जिनेट मिळतं. भांडं बेसिनमध्ये धुवायचं नाही, पाइपमध्ये दगड होतो. बादलीत धुवा, खाली बसलेलं कचऱ्यात टाका.

सुटत नाही याची दोन कारणं. एक, साबणाचा किंवा व्हॅसलीनचा हात दिला नाही. दोन, उभ्या भिंती. दोन-तीन अंशांचा उतार हवाच. आणि कुठे आत वळलेला भाग असेल तर साचा दोन तुकड्यांत करा किंवा सिलिकॉनचा घ्या. व्हॅक्यूम फॉर्मिंगलाही (तापवलेलं शीट हवा ओढून ठोकळ्यावर बसवणं) हेच, तिथे उतार तीन ते पाच अंश. ठोकळ्याच्या खोलगट जागी १ मिमीची भोकं पाडा, नाहीतर हवा अडकून शीट खाली बसत नाही. तिथे थर्माकोलचा ठोकळा चालत नाही, उष्णतेने बसतो. एमडीएफ घ्या.

शाईपेन

इंटरॅक्शनच्या कामाला यातलं बरंच लागत नाही, पण मूळ तेच. कोड लिहिण्याआधी ७० बाय १५० मिमीची कार्डं कापा, प्रत्येक स्क्रीन हाताने काढा, एकजण "मोबाइल" होऊन कार्ड बदलतो, दुसरा बघून टिपतो. वापरणाऱ्याला काहीही समजावून सांगायचं नाही. "इथे दाबा" असं तोंडातून निघालं की चाचणी संपली. आणि वर्गमित्रांवर चाचणी करू नका, त्यांना तुमचा विषय आधीच माहीत असतो.

मापांचंही. भारतीयांची शरीरमापं एनआयडीने १९९७ मध्ये प्रसिद्ध केली आहेत, लायब्ररीत बघा. हात पोचायचा असेल तर बायकांचा ५वा पर्सेंटाइल (शंभरातल्या पाचजणी ज्याच्या खाली येतात ते माप), अंग मावायचं असेल तर पुरुषांचा ९५वा. सरासरीवर केलेलं बाकडं दोन्हीकडच्यांना गैरसोयीचं होतं.

कानस

ज्युरीच्या वेळापत्रकाचं. मागून मोजत या. रंग पूर्ण कडक व्हायला २४ तास, रंगाचे हात एक दिवस, प्रायमर-लांबी-घासणं दोन दिवस, आकार एक दिवस. म्हणजे सोमवारी ज्युरी असेल तर बुधवारी आकार पक्का हवा. शेवटच्या आठवड्यात लेझरला रांग लागते, कापायचं सगळं आधीच्या आठवड्यात उरका. प्रिंट आणि बोर्डांचे प्रिंटआउटही रविवारवर सोडू नका.

फुटकी, चुकलेली मॉडेलं फेकू नका. एकाच उजेडात, एकाच कोनातून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि तारीख टाका. ज्युरीत "हा आकार कुठून आला" असं विचारतात, तेव्हा ओळीने मांडलेली सहा कच्ची मॉडेलं जे सांगतात ते स्लाइडवरच्या बाणांना सांगता येत नाही. मार्कही बरेचसे तिथेच असतात.

पालक_नाशिक

वाखुसा (वाचनखूण साठवली). मुलीला पाठवतो. एक राहिलं, अॅक्रिलिक चिकटवायला फेविक्विक चालेल का?

०.२मिमी

@पालक_नाशिक, चिकटेल, पण सांध्याभोवती पांढरं धुकं धरेल, ते निघत नाही. अॅक्रिलिकचं सॉल्व्हंट मिळतं, दुकानात क्लोरोफॉर्म म्हणूनच मागतात. तुकडे कोरडे जुळवून टेपने धरायचे आणि सिरिंजने फटीत थेंब सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेला, हॉस्टेलच्या खोलीत नाही. आणि लेझरवर कापलेली कड थिनर किंवा स्पिरिटने पुसू नये. कापताना कडेत ताण राहतो आणि पुसल्यावर बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस.